कालवांचे बांध आणि पक्ष्यांचे बेट

समुद्रकिनाऱ्याची धूप म्हटली की धूपप्रतिबंधक बंधारा, हे समीकरण आपल्या किनारी जिल्ह्यांत रूढ झाले आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात याच प्रश्नाला पक्ष्यांची आणि कालवांची जोड मिळाली. त्यामुळे तेथील अनुभव पाहण्याजोगा आहे.

मिसिसिपी नदीने हजारो वर्षे वाहून आणलेल्या गाळातून या राज्याचा किनारा घडला. पूरनियंत्रणासाठी नदीकाठी बांध घालण्यात आले, तेव्हा गाळ दलदलीत पसरेनासा झाला. १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूमी पाण्याखाली गेली.

या राज्याचा मानाचा पक्षी म्हणजे तपकिरी पेलिकन. कीटकनाशकांच्या विषारी परिणामामुळे १९६३ पर्यंत तो येथून नाहीसा झाला होता. १९६८ पासून फ्लॉरिडातून पक्षी आणून सोडण्यात आले आणि १९७१ मध्ये बॅराटारिया उपसागरातील क्वीन बेस या लहानशा बेटावर त्यांनी घरटी केली. २०१० च्या डीपवॉटर होरायझन दुर्घटनेतील तेल याच बेटाला लागले. बेट खचत होतेच. अखेर घरट्यांजोगी जागा जेमतेम ५ एकर उरली.

तेलगळतीच्या नुकसानभरपाईतून बेटाच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. पक्ष्यांचा विणीचा हंगाम टाळून सप्टेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या अवधीत नदीतील वाळू बार्जमधून आणून टाकण्यात आली आणि सुमारे ३७ एकर जागा उपलब्ध झाली. पेलिकनांसाठी झुडपे लावण्यात आली. सुरय व पाणचिरा हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, म्हणून त्यांच्यासाठी सुमारे ७ एकरांवर खडी पसरण्यात आली. पिलांना दगडी कड्यावरून पाण्यात जाता यावे यासाठी उतरणीही ठेवण्यात आल्या. बांधकामाच्या आराखड्यात पिलांच्या पायांचा असा विचार विरळाच!

तथापि संपूर्ण किनाऱ्याला दगड पुरणार कोठून? येथे कालवांचे महत्त्व ध्यानात येते. ओहोटीला खडकावरची कालवे फोडणाऱ्या कोकणातील स्त्रियांना त्यांची चिकाटी ठाऊकच आहे. कालवाचे पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते व नंतर एखाद्या कठीण पृष्ठभागाला कायमचे चिकटते. जुन्या कालवांचे शिंपले हा त्याला मानवणारा पाया होय. पिढ्यांवर पिढ्या चढून बांध तयार होतो, तो लाटांचा जोर मोडतो आणि पाणीही गाळतो. दगडी बंधारा पहिल्या दिवशी जितका उंच असतो तितका पुन्हा कधी होत नाही. कालवांचा बांध मात्र वाढत राहतो. पण खाल्लेल्या कालवांचे शिंपले शहराच्या कचऱ्यात गेले, तर पायाच उरत नाही. म्हणून २०१४ पासून न्यू ऑर्लीन्समधील उपाहारगृहांतून ते गोळा केले जातात व काही महिने उन्हात ठेवून किनाऱ्यालगत रचले जातात.

खरी अडचण पुढेच आहे. जमीन घडविणारा गाळ नदीच्या गोड्या पाण्यातून येतो आणि कालवांना मचूळ पाणी लागते. २०१९ मध्ये पुराचे पाणी बॉने कॅरे सांडव्यातून दोनदा मिळून १२३ दिवस सोडावे लागले, तेव्हा कालवे मोठ्या प्रमाणावर मेली. बॅराटारिया उपसागरात नदीचा गाळ वळविण्याच्या सुमारे ३ अब्ज डॉलर खर्चाच्या प्रकल्पास २०२३ मध्ये प्रारंभ झाला. कालव-व्यावसायिकांचा व मच्छीमारांचा त्याला तीव्र विरोध होता. वाढता खर्च आणि हा विरोध यांमुळे जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने तो रद्द केला. क्वीन बेसची वाळू खचेल, तेव्हा ती पुन्हा बार्जमधूनच आणावी लागेल.