अंगणातला पाइन आणि सालीखालचे भुंगेरे

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांनी एकाच प्रकारचा फोटो पाठवलाय: अंगणात उंच पाइन, शेंडा तपकिरी. खाली प्रश्न, "काय फवारू?" उत्तर आधीच सांगून टाकतो. भुंगेरे सालीखाली शिरल्यावर फवारणीचा काही उपयोग नाही. औषध सालीवर राहतं, अळ्या सालीच्या आत.

आता हे होतं कसं ते बघू. तुमच्याकडे आहे तो बहुतेक मॉन्टेरे पाइन. हे झाड मूळचं समुद्राकाठच्या धुक्यातलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जेमतेम तीन ठिकाणी आणि मेक्सिकोच्या दोन बेटांवर ते नैसर्गिकरीत्या वाढतं. आपण ते आतल्या तापलेल्या खोऱ्यांत आणून लावलं, कारण भराभर वाढतं आणि शेजाऱ्याची खिडकी झाकतं!

पाइनचं हत्यार म्हणजे राळ. भुंगेरा साल पोखरायला लागला की झाड राळ सोडतं आणि त्याला त्यातच बुडवतं. पण राळ जोरात यायला झाडात पाणी हवं. तहानलेल्या झाडाची राळ आटते. मग तांदळाच्या दाण्याएवढा 'इप्स' जातीचा नर आत शिरतो आणि त्याच्या भुशातून असा वास सुटतो की आसपासचे नर-मादी सगळे तिथे गोळा होतात. हा वास नेमका कशाचा, ते १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच संशोधकांनी शोधून काढलं. म्हणजे पहिला भुंगेरा जगला की गावजेवणाचं आमंत्रण गेलंच म्हणून समजा. २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात तिथल्या जंगलांमध्ये दहा कोटींहून जास्त झाडं मेली, त्यात या सालीखालच्या भुंगेऱ्यांचा मोठा हात होता.

सगळे भुंगेरे सारखे नसतात, हेही लक्षात घ्या. बुंध्याशी, साधारण माणसाच्या उंचीपर्यंत, राळेचे मोठे लालसर गोळे दिसले तर तो टर्पेंटाइन भुंगेरा. तो एकटा सहसा झाड मारत नाही. झाड अशक्त झालंय एवढं सांगतो. घाबरू नका, पाणी द्या. इप्स मात्र बहुधा वरून सुरुवात करतो. कधी नुसता शेंडा जातो आणि खालचं झाड तगतं, पण सालीच्या फटींत खोडभर लालसर भुसा दिसला तर आशा कमी.

पाणी कसं द्यायचं? खोडाला चिकटून नाही. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे, सावकाश, जमीन फूटभर तरी भिजेल इतकं. दुष्काळात महिन्यातून एक-दोनदा पुरतं. रोजचं हिरवळीचं शिंपण म्हणजे पाणी नव्हे. त्याने वरची दोन इंच माती ओली होते, बस्स.

छाटणी फेब्रुवारी ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टाळा. ताज्या जखमेचा वास भुंगेऱ्यांना ओढतो. माझ्या एका मित्राने जूनमध्ये एक पाइन तोडला आणि ओंडके शेकोटीसाठी दुसऱ्या पाइनखाली नीट रचून ठेवले. उन्हाळ्यात यांची पुढची पिढी एक-दोन महिन्यांत तयार होते. दिवाळीला दुसऱ्या झाडाचा शेंडा गेला होता. ओंडके ठेवायचेच असतील तर साल काढा, नाहीतर उन्हात जाड पारदर्शक प्लास्टिकखाली कडेने बंद करून काही महिने ठेवा.

मग फवारणी कधी? शेजारचं झाड गेलंय, तुमचं अजून निरोगी आहे आणि तुम्हाला जिवापाड प्रिय आहे, तेव्हा. भुंगेरे उडायच्या आधी, हिवाळा संपताना, खोडाच्या सालीवर. मोठ्या झाडाला हे घरच्या पंपाने जमत नाही, परवानाधारक माणूस बोलवा. आणि पूर्ण वाळलेलं झाड, ज्याच्या सालीला छर्ऱ्यासारखी भोकं पडलीत, ते घाईने तोडून शेजारची झाडं वाचत नाहीत. भुंगेरे केव्हाच उडून गेलेले असतात. ते घरावर पडू नये म्हणून काढा. किडा आत असतानाच, पानं नुकती पिवळी पडत असताना काढलं, तर मात्र फरक पडतो.