रावेरच्या पुढचं खानदेश

जळगाव-धुळ्याकडच्या नवरा-बायकोला दोन-तीन दिवस निवांत फिरून यायचं असलं की बेत ठरलेले असतात. अबू, उदयपूर, आणि मुलांनी तिकिटं काढून दिली तर म्हैसूर नाहीतर हैदराबाद. जुनं शहर, किल्ला, चांगलंचुंगलं खाणं असं सगळं एका जागी हवं म्हणून माणसं रात्रभर गाडीत बसून जातात. मला कुणी विचारलं तर मी बुऱ्हाणपूर सांगते. समोरच्याचं उत्तर ठरलेलं: "तिथं काय आहे? गाडी थांबते तेवढंच." जळगावहून फार तर शंभर किलोमीटर. रावेर मागे पडलं, की आलंच. मध्ये राज्याची हद्द आडवी आली आणि आपल्याच घरातली एक खोली आपण परक्याची समजून बसलो.

आग्ऱ्याहून निघालेल्या माणसासाठी दक्षिण इथून सुरू व्हायची. मोगल त्याला दख्खनचा दरवाजा मानत. दक्षिणेच्या मोहिमेवरचे शहाजादे इथंच तळ ठोकत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेहून जहांगीराच्या भेटीला निघाला, तो नोव्हेंबर 1615 मध्ये आधी बुऱ्हाणपुरात शहाजादा परवेझच्या दरबारी उभा राहिला. टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या इथल्या तलम कापडाचं वर्णन करून गेला. ते इराण, तुर्कस्तानापासून पार पोलंडपर्यंत जात होतं. थोडक्यात, आपण दक्षिण पाहायला म्हैसूरला जातो, आणि बादशहाची दक्षिण आपल्या दाराशी पडली आहे.

इतिहास एका दमात सांगून टाकते, कारण मला लवकर पाण्याकडे यायचं आहे. 1382 च्या सुमारास मलिक राजा फारुकीने थाळनेरला, म्हणजे आपल्या शिरपूर तालुक्यात, गादी मांडली. त्याच्या मुलाने, नसीरखानाने, आसा अहिराकडून अशीरगड घेतला आणि तापीच्या उत्तर काठावर नवं शहर वसवलं. खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन या सूफी संताचं नाव शहराला दिलं, समोरच्या काठावरच्या वस्तीला जैनुद्दीनचं, म्हणून ते जैनाबाद. फारुकींनी दोनशे वर्षं खानदेश राखला. 1601 मध्ये अशीरगड अकबराच्या हाती पडला आणि शहाजादा दानियालच्या नावावरून काही काळ खानदेशाचा 'दानदेश' झाला. 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी शहराबाहेरचे श्रीमंत पुरे लुटले. पुढे मराठे आले, मग इंग्रज आले, त्यांनी शहर निमाडात घातलं. 2003 पासून तो मध्य प्रदेशातला स्वतंत्र जिल्हा आहे. थाळनेरला फारुकींच्या कबरी अजून उभ्या आहेत. धुळे-शिरपूरच्या लोकांनी तिथून सुरुवात करावी, म्हणजे बुऱ्हाणपुरात गेल्यावर ही माणसं ओळखीची वाटतात.

शहर पायी पाहायचं असतं. जामा मशीद भर बाजारात आहे. फारुकी सुलतान राजा अलीखानाने ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. आत पश्चिमेच्या भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्याबरोबर चक्क नागरी लिपीतला संस्कृत लेखही. त्यात फारुकींची वंशावळ आहे आणि बांधकामाचा काळ विक्रम संवत, शके आणि हिजरी अशा तिन्ही गणनांत दिला आहे. आमचे हे बँकेत आयुष्य काढलेले, तारीख तीन ठिकाणी लिहिलेली पाहून म्हणाले, "कागद पक्का केलाय." मला वाटतं, ज्या सुलतानाला आपल्या मशिदीत संस्कृत कोरून घ्यावंसं वाटलं, त्याच्याबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळी तरी असायला हव्या होत्या. हाच राजा अलीखान पुढे 1597 मध्ये मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला.

तापीकाठचा शाही किल्ला बराच ढासळला आहे. त्यातला हमाम मात्र जरूर पाहा. छतावरची रंगीत नक्षी अजून तग धरून आहे. उतावळी नदीकाठी शाहनवाजखानाची काळ्या दगडाची कबर आहे. हा अब्दुल रहीम खानखानाचा मुलगा, म्हणजे ज्यांचे दोहे आपण शाळेत हिंदीच्या तासाला घोकले त्या रहीमचा. बोहरी समाजाची दर्गा-ए-हकीमी स्वच्छ, शांत, बागेने वेढलेली आहे. मिर्झाराजे जयसिंगांचा मृत्यू 1667 मध्ये इथंच झाला. त्यांची छत्री तापी आणि मोहनेच्या संगमावर आहे. पुरंदरच्या तहाचा माणूस इथं संपला, हे आपल्याकडच्या किती जणांना ठाऊक असतं?

आणि मुमताज. गाइडला तिच्याशिवाय दुसरं काही सांगायचंच नसतं. 17 जून 1631 रोजी चौदाव्या बाळंतपणात ती इथं गेली, जैनाबादच्या बागेत सहाएक महिने तिला ठेवलं आणि मग आग्ऱ्याला नेलं. चौदावं बाळंतपण, ऐन मोहिमेवरच्या तळावर! त्याला प्रेमकथा म्हणून गाइड डोळे मिटून सांगतो तेव्हा मला तिथं थांबवत नाही. त्याच काळात दख्खनेत दुष्काळाने माणसं पटापट मरत होती, तेही कुणी सांगत नाही.

आता पाणी. लालबागच्या बाजूला, रेल्वे स्टेशनपासून जवळच, शेतांमधून ओळीने उभी गोल दगडी तोंडं दिसतात. विहिरीसारखी, पण जमिनीच्या बरीच वर बांधून आणलेली. हा कुंडी भंडारा. लोक खूनी भंडाराही म्हणतात. खानखानाच्या सुभेदारीत 1615 मध्ये तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने ही योजना आखली. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याशी मुरतो आणि जमिनीखालून तापीकडे सरकत राहतो. त्याने हे पाणी वाटेतच अडवलं. जमिनीखाली भंडारे, म्हणजे पाणी गोळा करण्याच्या जागा केल्या, त्या बोगद्याने जोडल्या, आणि बोगद्यावर साधारण वीस-वीस मीटरवर कुंड्या खणल्या. हवा खेळावी, गाळ काढायला माणूस उतरावा, वरच्याला पाणी शेंदता यावं, ही सगळी कामं त्या कुंड्या करतात. बोगद्याला अगदी हलका उतार आहे. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही, पाणी आपल्या वजनाने शहरात पोचतं. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही याच कुटुंबातली बाकीची नावं. शहराजवळ जाळी करंज नावाच्या हौदात पाणी यायचं आणि तिथून मातीच्या नळांनी वाटलं जायचं.

खाली उतरायला लिफ्ट बसवलेली आहे. ती चालू असेल तर नशीब म्हणायचं. सुमारे 80 फूट खाली गेलं की गुडघाभर थंड पाणी लागतं आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चमकतात. पाण्यातला चुना शतकानुशतकं तिथं बसत आला आहे, आणि पाझराची भोकं बुजवणारा शत्रूही तोच. ह्यांनी विजार दुमडून दोन पावलं टाकली आणि "तू जा, मी वर चहा बघतो," म्हणून परत फिरले. मी भूगोल शिकवत आले. ज्याला आम्ही वर्गात बझाडा पट्टा म्हणायचो, सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा तो पट्टा जिथं पाणी झरझर आत शिरतं, त्याच्या पोटात उभं राहायला मिळालं तर कोण वर जाईल?

माझं माहेर धुळ्याकडचं, पांझरेकाठचं, म्हणून हा नाद जरा जास्त. आमच्याकडे फड पद्धत होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी पाटकरी देणार, त्याच्यावर हवालदार, पिकावर जागल्या. शेतकऱ्याने स्वतः दारं धरायची नाहीत, म्हणून वरच्या-खालच्याचं भांडण नाही. मलिक अंबरने संभाजीनगरला नहर काढली तीही जमिनीखालून पाणी आणणारीच. पण पांझरेचं पाणी डोळ्यांना दिसतं. बुऱ्हाणपूरचं पाणी चारशे वर्षं न दिसता चालत राहिलं. मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं. वर मात्र बोअर खोल खोल जात आहेत. केळी रावेर-यावलची असो की बुऱ्हाणपूरची, तिला पाणी लागतंच, आणि तबकुतुल अर्जने ज्या थरातून पाणी घेतलं त्याच थरातून आपणही उपसतो. मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने भोपाळमध्ये तापी मेगा रिचार्जचा करार केला, तो याच पट्ट्यात पुन्हा पाणी मुरवण्यासाठी. त्या योजनेच्या प्रत्येक इंजिनिअरला आधी कुंडीत उतरवावं, असं माझं मत आहे.

भूक लागते ती इथंच. मांडे खायचे तर रस्त्यावर बसून भाजणाऱ्याकडे खावे. मैद्याचा मऊसर गोळा दोन्ही हातांवर फिरवत, कोपरापर्यंत झेलत तो ताणतो आणि पालथ्या कढईवर टाकतो. रुमालासारखा पातळ, ताटात न मावणारा, सोबत झणझणीत रस्सा. मोगल फौजेला झटपट जेवू घालायला हे निघाले असं तिथले लोक सांगतात. मला पाहताक्षणी आठवली ती आखाजी. आमच्या आईचे मांडे असेच कोपरापर्यंत यायचे, फक्त पोटात पुरण. गहू भिजवून, सुकवून, दळून, वस्त्रगाळ केलेलं पीठ. चुलीवर पालथं मातीचं खापर. सोबत आमरस आणि रशी. हात तेच, पालथं भांडं तेच. फौजेने आपल्या बायकांकडून शिकलं की बायकांनी फौजेकडून, यावर आमचा गाडीत वाद झाला. मी माझ्या बाजूने मुक्ताईला उभं केलं. विसोबाने कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले, ही कथा मोगलांच्या आधीच्या माणसांची आहे. परतताना इच्छापूरवरून मुक्ताईनगरचा रस्ता धरा. कोथळीला मुक्ताईचं दर्शन होतं आणि वाद मिटवायला जागाही योग्य आहे.

गोडात मावा जिलेबी. खव्याची, जाडजूड, गडद तपकिरी. आपल्या कुरकुरीत जिलेबीच्या अपेक्षेने गेलात तर नाराज व्हाल. ही मऊ, गुलाबजामच्या गोत्रातली. रमजानात मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर बुऱ्हाणपूरच्या नावाने हिच्या कढया चढतात. ह्यांनी एक खाऊन दुसरी मागितली, मग साखरेची गोळी आठवली, मग ती विसरली. दराबा त्याहून नाजूक: रवा, तूप आणि साखर फेटून फेटून इतकं हलकं करतात की चमच्याखाली दबत नाही, नुसतं बाजूला सरतं. माझं मत दराब्याकडे. जिलेबी तिथंच गरम खावी, दराबा बांधून आणावा.

एक खुलासा, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच: बाजीराव पेशवे गेले ते आपल्या रावेरला नाही. ते नर्मदाकाठचं रावेरखेडी, 28 एप्रिल 1740.

जायचं तर दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर. एक मुक्काम पुरे. पहिला दिवस शहर आणि कुंडी भंडारा, दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी अशीरगड, साधारण वीस किलोमीटर उत्तरेला. गड चढून आलात तर मांडे दुपारी घ्या, आधी घेतलेत तर चढवणार नाही. स्टेशनवर उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ते लालबागला आहे, गावात नाही. म्हणून उतरल्या उतरल्या आधी कुंडी भंडारा उरकावा आणि मग रिक्षाने बाजार गाठावा. लिफ्ट बंद असली तर वरून कुंडीत डोकावून पाहा.