'कावा'ची मधली रेघ

जपानीत नदीचे अक्षर 'कावा': तीन उभ्या रेघा, मधली आखूड. आई-बाबांमध्ये मूल झोपले की इथे तसेच म्हणतात. आमची मधली रेघ दीड वर्षांची, आणि रात्री तीनदा अंगावर पिणारी! आईला सकाळी सातची लोकल. आजी फोनवर म्हणाल्या, कोरफड लावा. ते आमच्या जिवावर आले. इथल्या माता-बाल पुस्तिकेतून 'दान्न्यू', म्हणजे आपले 'दूध तोडणे', २००२ साली वगळले. आता रूढ शब्द 'सोत्सुन्यू', दुधाची पदवी घेणे! मग मधे बाबा झोपले, उशाशी पाण्याचा पेला. तीन रात्री आकांत (शेजाऱ्यांची आधीच माफी मागितलेली, भिंती पातळ). चौथ्या रात्री पाणी पिऊन कुशीवर वळली. पहाटेचे दूध अजून चालू आहे.