डेन्व्हरच्या घरात एसी बसवण्याचा खर्च

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंचीवर, रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी वसलेली आहे. हिवाळ्यात तिथे पारा कधी कधी उणे २५ अंशांच्याही खाली जातो, आणि पाऊस व बर्फ धरून वर्षभरात ४० सेंटिमीटरही पाणी पडत नाही. जुलैच्या दुपारी तापमान ३२-३३ अंशांवर जाते. पण कोरड्या हवेत उष्णता टिकत नसल्याने पहाटेपर्यंत ते १५-१६ अंशांवर उतरते. म्हणून जुन्या विटांच्या घरांमध्ये एसीचा विचारच झाला नव्हता. रात्री खिडक्या सताड उघडायच्या, सकाळी बंद करून पडदे ओढायचे, एवढ्यावर उन्हाळा निभत असे.

गेल्या काही वर्षांत हा क्रम मोडला. जून २०१८ मध्ये शहराने ४०.६ अंश सेल्सिअस तापमान अनुभवले आणि आपल्या आजवरच्या उच्चांकाशी बरोबरी केली. त्याहून मोठा बदल धुराने घडवला. २०२० मध्ये कॅमेरॉन पीकच्या वणव्यात दोन लाख एकरांहून अधिक जंगल जळाले, आणि वणव्यांचा धूर शहरावर दिवसेंदिवस साचून राहू लागला. अशा रात्री खिडकी उघडता येत नाही. साहजिकच एसी बसवणाऱ्यांकडे चौकशा वाढल्या, आणि एकाच गल्लीतल्या दोन घरांना मिळणाऱ्या दरपत्रकांत दुपटी-तिपटीचा फरक का, हा प्रश्नही पुढे आला.

या फरकाचे मूळ यंत्रात कमी आणि घरात जास्त असते. डेन्व्हरमधल्या बहुतेक घरांच्या तळघरात गॅसची भट्टी असते. तिचा पंखा गरम हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. एसी बसवताना याच भट्टीच्या डोक्यावर थंड कॉइल बसवतात, कॉम्प्रेसरचे यंत्र अंगणात ठेवतात आणि दोन्ही तांब्याच्या नळ्यांनी जोडतात. हवेचे नळ आयते मिळाल्यामुळे हे काम साधारण ५ ते १० हजार डॉलरांत होते. ज्या जुन्या घरांत गरम पाण्याचे रेडिएटर आहेत, तिथे हवेचे नळच नसतात. ते नव्याने घालायचे तर भिंती आणि छत फोडावे लागते, आणि खर्च यंत्राच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. अशा घराला भिंतीवरचे स्प्लिट एसी परवडतात. एका खोलीचा संच बसवून ४ ते ७ हजार डॉलर लागतात. चार खोल्यांसाठी हाच आकडा सहज १५ हजारांवर जातो. भारतात स्प्लिट एसी काही तासांत बसतो आणि मजुरी किमतीच्या मानाने किरकोळ असते. अमेरिकेत बिलाचा मोठा भाग कुशल मजुरीचा, परवान्याचा आणि तपासणीचा असतो.

नळ आयते असले तरी ते पुरेसे असतीलच असे नाही, आणि बरीच दरपत्रके इथेच फसवी ठरतात. भट्टीतून येणारी हवा ५० अंशांच्या आसपास असते, म्हणजे खोलीपेक्षा सुमारे ३० अंशांनी गरम. एसीची हवा खोलीपेक्षा जेमतेम १०-११ अंशांनी थंड असते. तेवढेच काम करायला तिला बरीच जास्त हवा लागते. त्यात डेन्व्हरच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ८२-८३ टक्केच असते. समुद्रसपाटीला एक टनाच्या एसीसाठी मिनिटाला सुमारे ११ घनमीटर हवा फिरवावी लागते. डेन्व्हरमध्ये तेवढ्याच वजनाच्या हवेसाठी साधारण वीस टक्के अधिक आकारमान फिरवावे लागते. फक्त भट्टीच्या हिशेबाने घातलेले अरुंद नळ आणि जुना पंखा इथे कमी पडतात. शिवाय थंड हवा जड असते, आणि झरोके जमिनीलगत असतात. परिणामी तळमजला गारठतो आणि वरच्या मजल्यावरच्या शयनगृहात उकाडा तसाच राहतो. नळ रुंद करणे आणि वरच्या मजल्यावरून परतीची हवा ओढणे हा खर्च दरपत्रकात आधीच दाखवलेला असावा. मागाहून तो करणे महाग पडते.

जुन्या घरांची विजेची जोडणी हा आणखी एक खर्च. एसीला २४० व्होल्टची स्वतंत्र वाहिनी लागते. १०० अँपिअरचा जुना फलक आधीच भरलेला असेल तर तो बदलायला दोन-चार हजार डॉलर सहज जातात.

यंत्र किती टनांचे घ्यावे, या निर्णयात हवामानाचा फार मोठा वाटा आहे. मुंबईत एसीच्या ताकदीचा बराच भाग हवेतली वाफ काढण्यात जातो. डेन्व्हरमध्ये वाफ जवळपास नसतेच. सगळी ताकद तापमान उतरवण्यात लागते. म्हणून दमट प्रदेशातले ‘इतक्या चौरस फुटांना एक टन’ हे ठोकताळे इथे गरजेपेक्षा मोठे यंत्र सुचवतात. मोठे यंत्र महाग असते, अरुंद नळांत आवाज करते, आणि सतत चालू-बंद होऊन लवकर झिजते. पश्चिमेकडच्या खिडक्या, माळ्यावरचे उष्णतारोधक आवरण, विटांची जाडी हे सारे धरून उष्णतेचा भार काढण्याची ‘मॅन्युअल जे’ ही पद्धत अमेरिकेत प्रमाण मानली जाते. ती गणना न करता टन सांगणाऱ्या कंत्राटदाराला काम देऊ नये. माळ्यावर आवरण घातल्याने यंत्र अर्ध्या-एक टनाने लहान होत असेल, तर तोच पैसा हिवाळ्यातही परत मिळतो.

जास्त कार्यक्षम यंत्रासाठी जास्त पैसे मोजण्याचे गणित मात्र इथे सहसा जमत नाही. समजा तीन टनांचा एसी पूर्ण ताकदीने वर्षात ६०० तास चालला. कार्यक्षमतेचा आकडा १४ असेल तर त्याला सुमारे १,५४० युनिट वीज लागेल; १८ असेल तर १,२००. युनिटला १५ सेंट धरले तर वर्षाला वाचतात जेमतेम ५१ डॉलर. त्यासाठी दीड-दोन हजार डॉलर जादा दिले, तर ते वसूल व्हायला तीस-चाळीस वर्षे लागतील. यंत्राचे आयुष्य असते पंधरा-वीस. फीनिक्ससारख्या वाळवंटी शहरात, जिथे एसी यापेक्षा कितीतरी जास्त तास चालतो, तिथे हेच गणित उलटते.

कोरड्या हवेने दिलेला स्वस्त पर्याय म्हणजे कूलर. नागपूर-अकोल्याच्या वाचकाला तो नव्याने सांगायला नको. तत्त्व तेच: पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते. डेन्व्हरच्या ३५ अंशांच्या दुपारी ओल्या कापडाने गुंडाळलेला तापमापक १६ अंशांच्या आसपास दाखवतो, त्यामुळे चांगला कूलर १९ अंशांपर्यंत थंड हवा देऊ शकतो. मुंबईच्या दमट दुपारी तोच कूलर २८ अंशांच्या खाली उतरणार नाही. छतावर बसवलेला संपूर्ण घराचा कूलर अडीच ते पाच हजार डॉलरांत होतो आणि एसीच्या मानाने वीज फारच कमी खातो. पण पहिल्या गोठणाऱ्या रात्रीच्या आत त्याचे पाणी काढून टाकले नाही तर नळ्या फुटतात. आणि कूलर बाहेरची हवाच आत ओढतो, त्यामुळे धुराच्या दिवसांत तो बंद ठेवावा लागतो. माळ्यावर बसवून रात्रीची गार हवा घरात खेचणाऱ्या मोठ्या पंख्याचीही हीच मर्यादा आहे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर केवळ या एका कारणासाठी एसीचा जादा खर्च रास्त ठरतो.

थंड प्रदेशात एसी घेताना हीट पंपाची किंमत विचारणे आवश्यक आहे. हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एसी: उन्हाळ्यात उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात आत आणतो. जुनी भट्टी कडाक्याच्या थंडीपुरती राखून बाकीचा हिवाळा हीट पंपावर काढता येतो. भट्टी म्हातारी झालेली असेल तर दोन्ही कामे एकदम करणे किफायतशीर ठरते. २०२२ च्या कायद्याने हीट पंपावर खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर, अशी केंद्रीय करसवलत दिली होती. ती २०२५ च्या अखेरीस संपली. आता राज्याची आणि वीज कंपनीची सवलत दरपत्रक घेतानाच तपासावी.

डेन्व्हर हा गारपिटीचाही प्रदेश आहे. मे २०१७ च्या एकाच वादळाने तिथे दोन अब्ज डॉलरांहून अधिक नुकसान केले. अंगणातल्या यंत्राच्या नाजूक पात्यांवर जाळी बसवण्याचा काहीशे डॉलरांचा खर्च टाळू नये. जूनमध्ये कॉटनवूडच्या झाडांचा उडता कापूस याच पात्यांत अडकतो. तो पाण्याने धुऊन काढावा, त्याला खर्च येत नाही.

कामाची वेळही किमतीत उतरते. जुलैच्या उकाड्यात कंत्राटदार मिळत नाहीत, मिळाले तर दर चढे असतात. मार्च-एप्रिलमध्ये घाई नसते आणि दोन-तीन दरपत्रके शांतपणे ताडून पाहता येतात. मात्र बाहेर १५ अंशांपेक्षा थंड असताना यंत्रातल्या वायूचे प्रमाण चालवून नीट तपासता येत नाही. म्हणून लवकर काम करून घेणाऱ्यांनी मे-जूनमधली दुसरी, विनामूल्य तपासणी करारातच लिहून घ्यावी.