एसव्हीएनवरून गिटवर जाताना: आधी चावडी वाचन, मग नवं टूल

आजचा भाग वसमतहून, घरून रेकॉर्ड केलाय. त्यामुळे मध्येच इन्व्हर्टरचा आवाज आला असेल तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलण्यातले अडखळे तेवढे काढलेत.

विषय नेहमी विचारला जाणारा: "आमच्या टीममध्ये अजून जुनीच टूल्स आहेत. बदलू म्हटलं की कुणी ऐकत नाही. काय करावं?" मी हे काम एकदा चुकीच्या पद्धतीनं केलंय आणि एकदा बऱ्यापैकी बरोबर. दोन्ही सांगतो.

आमच्याकडे काय होतं

कंपनी पुण्यात, मी बराच काळ घरून काम करणारा. आमचा सगळा कोड एसव्हीएनमध्ये. एसव्हीएनचं काम २००० साली सुरू झालं आणि त्या काळासाठी ते चांगलंच टूल होतं. पण त्याचा सगळा जीव एका सर्व्हरमध्ये असतो. कमिट करायचं, जुना इतिहास बघायचा, दोन्हीला तो सर्व्हर लागतो. आता वसमतला दुपारी लाइट गेली, राउटर बंद, व्हीपीएन तुटलं की माझं कमिट तिथंच अडकायचं. गिटमध्ये पूर्ण इतिहास आपल्याच मशीनवर असतो. कमिट करून ठेवा, नेट आलं की पाठवा. लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं, कारण लिनक्सची मंडळी वापरत होती ते बिटकीपर फुकट मिळणं बंद झालं होतं.

पण खरं दुखणं एसव्हीएन नव्हतंच. खरं दुखणं होतं रिलीज. गुरुवारी रात्री आमचे एक सीनियर, आम्ही त्यांना सरच म्हणतो, एक वर्ड फाइल उघडून बसायचे. त्यातल्या पायऱ्या एकेक करत चार सर्व्हरवर हातानं फाइली टाकायच्या. एका गुरुवारी त्यांच्या घरी कुणीतरी आजारी होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी तीन सर्व्हरवर फाइली टाकल्या आणि चौथा विसरलो. सकाळी काही ग्राहकांना नवे दर दिसत होते, काहींना जुने. दुपारपर्यंत फोन चालू होते.

ही चूक जगात मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर गेला, एकावर जुनाच राहिला. त्या एका सर्व्हरवरचा कधीचा बंद पडलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. हातानं करायच्या कामात माणूस चुकतोच. हुशार असला तरी चुकतो.

मी केलेला घोळ

मी पेटून उठलो. शनिवार-रविवार बसून ट्रंकमधला शेवटचा कोड उचलला आणि नव्या गिट रेपॉझिटरीत टाकला. सोमवारी मॅनेजरला दाखवलं, तेही खूश.

मंगळवारपर्यंत तीन गोष्टी फुटल्या. पहिली, जुना इतिहास गेला. ही ओळ कुणी आणि का लिहिली हे सांगायला काहीच उरलं नाही. दुसरी, गिट रिकामा फोल्डर साठवत नाही. आमच्या प्रोग्रामला लॉगचा रिकामा फोल्डर तयार लागायचा, तो नव्या कॉपीत आलाच नाही आणि प्रोग्राम सुरू होईना. तिसरी सगळ्यात मोठी. आमचा बिल्ड क्रमांक एसव्हीएनच्या रिव्हिजन आकड्यावरून यायचा. तो आकडा सरळ वाढत जातो. सपोर्टची मंडळी फोनवर ग्राहकाला विचारायची, "तुमच्याकडे कितवा बिल्ड आहे?" आकडा मोठा म्हणजे बिल्ड नवा, इतकं सोपं. गिटमध्ये त्या जागी अक्षरं-आकड्यांची लांब माळ असते. ती फोनवर वाचून दाखवायची कशी, आणि त्यातली नवी कोणती हे ओळखायचं कसं?

सर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी शांतपणे सगळं परत एसव्हीएनवर नेलं. मॅनेजर म्हणाले, "आता हा विषय बंद."

चावडी वाचन

त्या आठवड्यात जेवताना अण्णांना हे सांगितलं. अण्णा शेतकरी, हळद-सोयाबीनवाले. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध सातबाऱ्यापुरता. ते म्हणाले, "अरे, जुनं वाचून घेतलं नाहीस अन् नवं लिहायला बसलास की काय?"

मला २०१७ आठवलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. सातबारा ऑनलाइन करायचं काम राज्यभर चालू होतं. हातानं लिहिलेला सातबारा आणि कॉम्प्युटरमधला सातबारा जुळायला हवेत, म्हणून गावोगावी चावडी वाचन झालं. कॉम्प्युटरमधली नोंद मोठ्यानं वाचायची आणि ज्याची जमीन त्यानं चूक असेल तर सांगायची. आमच्या एका गटाचा आकडा जुळत नव्हता. अण्णा जुना हस्तलिखित उतारा घेऊन उभे राहिले आणि दुरुस्ती झाली. डिजिटल सहीचा सातबारा त्यानंतर, २०१८ मध्ये आला.

म्हणजे बघा, क्रम कसा होता. आधी जुनं सगळ्यांसमोर वाचलं, ज्याला माहीत आहे त्याला बोलू दिलं, मग नवं चालू केलं. मी नेमकं उलटं केलं होतं.

दुसऱ्यांदा काय केलं

सरांना विचारलं, "सर, पुढचे तीन गुरुवार मी तुमच्याशेजारी बसू का? फक्त बघायला." ते हो म्हणाले.

प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारला: हे का? एका पायरीवर लिहिलं होतं, "दहा मिनिटं थांबा." मला वाटलं, उगीच. सर म्हणाले, "त्या वेळेला रोजचा रिपोर्ट चालतो. मध्ये बंद केलं तर अर्धवट राहतो." हे त्या वर्ड फाइलमध्ये कुठंच नव्हतं. मी घाईत स्क्रिप्ट लिहिली असती तर पहिलं तेच थांबणं उडवलं असतं. आता स्क्रिप्ट रिपोर्ट संपलाय का ते तपासते आणि मगच पुढं जाते.

मायकेल फेदर्स यांच्या जुन्या कोडवरच्या २००४ च्या पुस्तकात हाच विचार आहे. कोड काय करायला हवा ते नंतर बघा. आधी तो आज खरोखर काय करतो ते टेस्टमध्ये पकडून ठेवा. आम्ही दर काढणाऱ्या मॉड्यूलला तशा टेस्ट लिहिल्या. थोडक्यात, कोडचं चावडी वाचन.

मग क्रमानं:

१. आधी रिलीजची स्क्रिप्ट, एसव्हीएन तसंच ठेवून. चारही सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे का, हे शेवटी स्क्रिप्टच तपासते.

२. मग जेनकिन्स. कमिट झालं की बिल्ड आणि टेस्ट आपोआप.

३. मग गिट, पण गिट-एसव्हीएन वापरून पूर्ण इतिहासासकट. एसव्हीएनमधलं कुठलं नाव म्हणजे कोण, याची यादी आधी करून घेतली. रिकाम्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवली. जेनकिन्सचा बिल्ड क्रमांक शेवटच्या एसव्हीएन आकड्याच्या पुढून सुरू केला. सपोर्टवाल्यांना काही बदललंय हे कळलंसुद्धा नाही.

४. एका वेळी एकच मॉड्यूल. जे हललं ते एसव्हीएनमध्ये त्याच दिवशी फक्त वाचण्यापुरतं. दोन्हीकडे लिहायची मुभा दिली की कुठलं खरं हेच कळेनासं होतं.

सरांचा प्रश्न

स्क्रिप्टनं पहिला रिलीज केला, तोही दुपारी, सगळे ऑफिसात असताना. त्या संध्याकाळी सरांनी फोन केला. "चांगलं झालं रे. पण मग आता माझं काय काम?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. इतके दिवस मी समजत होतो की सर बदलाच्या आड येतायत. खरं तर ते इतक्या वर्षांचे गुरुवार एकटे जागले होते, आणि कुणी त्यांना 'का' म्हणून विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "सर, स्क्रिप्टमध्ये काय असावं हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?" आता त्या स्क्रिप्टमधला कुठलाही बदल त्यांनी बघितल्याशिवाय आत जात नाही. माझे दोन त्यांनी परत पाठवलेत, आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं.

एक जुनं मॉड्यूल अजून एसव्हीएनमध्येच आहे. त्याला वर्षात एखादा बदल लागतो, म्हणून राहू दिलंय.

तर मंडळी, नव्या टूलचं प्रेझेंटेशन बनवायच्या आधी एक करा. तुमच्याकडे रिलीज करणाऱ्या माणसाशेजारी एक रात्र बसा आणि वहीत लिहून घ्या. तुम्हाला काय सापडलं ते मला कळवा. लाइट राहिली तर पुढच्या भागात टेस्ट लिहिण्याबद्दल बोलू. भेटू.