फोटोचं वर्णन कुणी लिहायचं?

अंध माणूस मोबाइल कसा वापरतो, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर ही सोय आधीपासूनच असते. पडद्यावर बोट फिरेल तसा तिथला मजकूर ती मोठ्यानं वाचून दाखवते, मराठीसुद्धा. बातम्या, मेसेज, पैशांचे व्यवहार अशी कितीतरी कामं दृष्टिहीन माणसं तिच्या आधारानं स्वतःची स्वतः करतात. अडतं ते फोटोपाशी. वर्णन जोडलेलं नसेल तर कानावर अनेकदा 'इमेज' एवढाच शब्द पडतो. २०११च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची नोंद ५० लाखांवर होती. एवढ्या माणसांसाठी आपले फोटो मुके राहतात.

खरं तर वर्णन जोडण्याची सोय ट्विटरनं २०१६मध्ये, तर इन्स्टाग्रामनं २०१८मध्ये दिली. आता यंत्रच वर्णन करतं, मग आपण कशाला लिहायचं, असा प्रश्न येतो. फेसबुकनं २०१६पासून आपोआप वर्णन द्यायला सुरुवात केली आणि हे तंत्र तेव्हापासून खूप सुधारलं, हे मान्य. पण समजा, लिलाव बंद पडल्याचं सांगण्यासाठी एखाद्या शेतकऱ्यानं बाजार समितीबाहेरचा फोटो टाकला. यंत्र सांगेल, 'रस्ता, ट्रॅक्टर, काही माणसं'. तो स्वतः लिहील, 'कांद्यानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग फाटकापासून हमरस्त्यापर्यंत, फाटक बंद'. फोटो कशासाठी टाकला, हे टाकणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून यंत्राचा मसुदा खुशाल घ्यावा, पण त्यावर हात फिरवल्याशिवाय तो पुढं जाऊ देऊ नये.

सर्वांत मोठी गैरसोय मात्र निसर्गदृश्यांमुळे होत नाही. ती होते फोटोच्या रूपात फिरणाऱ्या मजकुरामुळे. पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना, परीक्षेचं वेळापत्रक, लग्नपत्रिका, निधनवार्ता हे सगळं आपण चित्र करून पाठवतो. वळणदार अक्षरं आणि मागं रंगीत नक्षी असली की यंत्राचं वाचनही अडखळतं. अशा वेळी तारीख, वेळ, ठिकाण चित्राखाली साध्या अक्षरांत टाइप करायला एखादं मिनिट पुरतं. सरकारी कार्यालयांकडून तर हे घडायलाच हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ माहिती सर्वांना वापरता येण्याजोगी असावी, असं सांगतो. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

'माझ्या ओळखीत कुणी अंध नाही' हा आक्षेप प्रामाणिक असतो, पण पोस्ट ओळखीपुरती राहत नाही. फॉरवर्ड होत ती कुठंही पोचते. शिवाय उतारवयात नजर अधू झालेले आपल्याच घरात असतात. वर्णनाला साहित्यिक भाषा लागत नाही. 'या फोटोत दिसत आहे की' अशी सुरुवातही नको, कारण हा फोटो आहे, हे फोन आधीच सांगतो. मुख्य गोष्ट पहिल्यांदा, मग गरजेपुरता तपशील आणि चित्रावरची अक्षरं जशीच्या तशी, एवढं पुरे. फेसबुक, इन्स्टाग्रामवर त्यासाठी 'ऑल्ट टेक्स्ट'ची वेगळी जागा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ते फोटोखालच्या ओळीतच लिहावं. कौटुंबिक ग्रुपवरच्या बारशाच्या फोटोत बाळ कुणाच्या मांडीवर आहे आणि त्याचं नाव काय ठेवलं, हेही त्याच ओळीत येऊ द्यावं.