शाळेच्या ओसरीवर टोमॅटोची रोपे

जून महिन्यात शाळा उघडताच टोमॅटोचे बी बागेतील उघड्या वाफ्यात टाकले, तर पहिल्याच जोराच्या सरीने माती वाहून जाते आणि उगवलेले कोंब चिखलात दबतात. म्हणून रोपे प्रथम ओसरीवर आडोशाला तयार करून मग बागेत लावणे इष्ट असते. लाकडी खोके, फुटका माठ, पत्र्याचा जुना डबा, यांपैकी काहीही चालते. तळाशी भोके मात्र हवीत. पोयट्याची माती 2 भाग, चांगले कुजलेले शेणखत 1 भाग व वाळू 1 भाग असे मिश्रण चाळून भरावे. बी सुमारे 1 सें.मी. खोल व विरळ पेरून वर वाळलेले गवत पसरावे. 5 ते 8 दिवसांत ते उगवते.

येथवर काम सहसा नीट पार पडते; बिघडते ते यानंतर. ओसरीवर जसा आडोसा असतो, तसा अंधारही असतो. कोंब दिसताच गवत काढले नाही किंवा खोके कोपऱ्यातच राहिले, तर रोपे प्रकाशाकडे ताणली जाऊन उंच, फिकट व दोऱ्यासारखी बारीक होतात. रोपे भराभर वाढली म्हणून मुलांना आनंदच वाटतो! ही उंची जोमाची नव्हे, उपासमारीची खूण आहे, हे शिक्षकांनी दाखवून द्यावे. एक खोके ओसरीच्या कडेला व दुसरे आत ठेवून आठवड्याने दोन्ही शेजारी मांडली, की निराळे व्याख्यान लागत नाही.

दुसरा धोका मुलांच्या मायेचा. जो तो येताजाता पाणी घालतो. माती सदैव ओली राहून बुरशी वाढते, देठ जमिनीलगत कुजतो व रोपे एका रात्रीत कोलमडतात. अशी रोपे वाचत नाहीत. ती लगतच्या मातीसह काढून टाकावीत. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच सकाळी झारीने पाणी द्यावे. त्यासाठी मुलांच्या पाळ्या लावाव्यात. रविवारची पाळी हटकून विसरली जाते.

25 ते 30 दिवसांत रोपे 12 ते 15 सें.मी. उंच होतात. सावलीत वाढलेली ही पाने एकदम उन्हात नेल्यास भाजतात. यास्तव लावणीपूर्वी आठवडाभर खोकी रोज बाहेर ठेवावीत; पहिल्या दिवशी सकाळचे तासभर, पुढे अधिकाधिक वेळ. पाणीही कमी करावे. देठ टणक होऊन त्यावर जांभळट छटा आली, की रोपे तयार झाली असे समजावे.

लावणी ढगाळ दिवशी किंवा सायंकाळी, पाणी साचणार नाही अशा वरंब्यावर करावी. दोन ओळींत 60 व दोन रोपांत 45 सें.मी. अंतर पुरते. टोमॅटोच्या मातीत गाडलेल्या देठालाही मुळे फुटतात. त्यामुळे कोपऱ्यातील खोक्यामधली लांबुडकी रोपे फेकून देण्याचे कारण नाही. ती तिरपी ठेवून शेंड्याची पाने तेवढी मातीवर राहतील, अशी लावावीत.